कोल्हापूर महानगरपालिकेच्या समित्या आणि शहराचा जमाखर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिकेच्या कारभाराविषयी कोल्हापुरात बोलले भरपूर जाते. तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्यावरच्या सकाळच्या फेरीत आणि चहाच्या गाड्यावर स्थायी समितीच्या सभापतींचे नाव निघाले नाही असा आठवडा विरळाच. मात्र "आमचा रस्ता सभेत मंजूर झाला" हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे मंजूर नेमके काय झाले आणि त्याला पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली, ठेवले आहेत. खालील प्रश्नोत्तरे प्रामुख्याने त्याच प्रश्नाभोवती फिरतात.

महापालिकेत निर्णय नेमके कोण घेते?

कोल्हापूर नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने चालतो. या कायद्याने अधिकार एका हाती न ठेवता वाटून दिले आहेत. सर्व नगरसेवकांची मिळून होणारी सर्वसाधारण सभा, म्हणजे बोलीभाषेतली महासभा, धोरण ठरवते, कराचे दर ठरवते आणि अर्थसंकल्पाला अंतिम मान्यता देते. स्थायी समिती प्रामुख्याने पैशाच्या व्यवहारांवर लक्ष ठेवते. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असते.

महापौर हे शहराचे प्रथम नागरिक असतात आणि सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, पण बिलांवर त्यांची सही लागत नाही. हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. आयुक्त सभेत बसतात, चर्चेत भाग घेतात, खुलासा करतात. त्यांना मत मात्र देता येत नाही.

स्थायी समितीत किती सदस्य असतात आणि ते कसे निवडले जातात?

कायद्याच्या कलम २० नुसार स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात. त्यांची निवड सभागृहात हात वर करून होत नाही. सभागृहातील प्रत्येक पक्षाच्या किंवा नोंदणीकृत गटाच्या संख्याबळाच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात आणि गटनेत्याने दिलेली नावे सभेत जाहीर केली जातात.

कोल्हापूरच्या सभागृहात निवडून येणारे ८१ सदस्य आहेत. ८१ ला १६ ने भागले तर स्थायीतील एका जागेमागे साधारण पाच नगरसेवक पडतात. समजा, एका पक्षाचे ३४, दुसऱ्याचे २७, तिसऱ्याचे १५ आणि एका लहान गटाचे ५ सदस्य आहेत. प्रमाणानुसार त्यांच्या वाट्याला अनुक्रमे ६.७२, ५.३३, २.९६ आणि ०.९९ जागा येतात. पूर्ण आकड्यांच्या १३ जागा आधी वाटून उरलेल्या तीन मोठ्या अपूर्णांकांना दिल्या, तर वाटणी ७, ५, ३ आणि १ अशी होते. पाच जणांच्या गटाला एक जागा मिळते, ती या अपूर्णांकाच्या जोरावर. निवडणुकीचा निकाल लागताच अपक्षांची जी धावपळ सुरू होते आणि विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवण्याची जी घाई होते, तिचे कारण हे साधे गणित आहे. एखादा नगरसेवक या गटातून त्या गटात गेल्याने शहराचे धोरण बदलत नसले, तरी स्थायीतील एक खुर्ची इकडची तिकडे होऊ शकते.

सभापतींची निवड समितीचे सदस्य आपल्यातूनच करतात. समितीपुढील विषयावर मते समसमान पडल्यास अध्यक्षस्थानी असलेल्याचे निर्णायक मत चालते.

स्थायी समितीचे सदस्य दरवर्षी बदलतात असे ऐकतो. ते का?

दरवर्षी समितीतील निम्मे, म्हणजे आठ, सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचे ते चिठ्ठ्या काढून ठरते. त्यानंतर ज्यांचा कालावधी जास्त झाला आहे ते बाहेर पडतात. अनुभव असलेले निम्मे राहावेत आणि नव्यांनाही संधी मिळावी, असा हेतू त्यामागे आहे.

कोल्हापुरात या हेतूला एक वेगळे वळण लागले. महापौरपदाची मुदत कायद्याने अडीच वर्षांची असूनही ती काही काही महिन्यांत वाटून घेण्याची पद्धत येथे रूढ झाली आणि वर्तमानपत्रांनी तिला "पदांची खांडोळी" असे नाव दिले. पदाधिकारी काही महिन्यांपुरते असले की अर्थसंकल्प मांडणारा एक, त्याचा सुधारित अंदाज पाहणारा दुसरा आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप वाचणारा तिसरा, अशी अवस्था होते. माझ्या मते कोल्हापूरच्या समित्यांचे सर्वांत मोठे नुकसान याच प्रथेने केले आहे, कारण आपण ठेवलेल्या तरतुदीचे वर्षअखेरीस काय झाले हे विचारायला तोच माणूस त्या खुर्चीत बसलेला नसतो.

एखादे काम समितीपुढे येईपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जाते?

उदाहरणार्थ, एखाद्या पेठेतल्या बोळातले उघडे गटार घेऊ. दगडी बांधणीचे, अरुंद, पावसाळ्यात भरून उंबऱ्यापर्यंत येणारे. रहिवाशांचा अर्ज किंवा नगरसेवकाचे पत्र विभागीय कार्यालयात जाते. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, टेप धरून लांबी घेतो आणि शासनाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. त्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता लागते. त्याच वेळी लेखा विभागाकडून एक छोटासा शेरा घ्यावा लागतो : अमुक लेखाशीर्षाखाली तरतूद शिल्लक आहे. हा शेरा नसेल तर फाइल पुढे सरकत नाही, आणि सरकू नये, कारण अर्थसंकल्पात तरतूद नसलेला खर्च महापालिका निधीतून करण्यास कायद्याने बंदी आहे. न्यायालयाचा हुकूमनामा किंवा परतावा यांसारखे थोडे अपवाद आहेत, तेवढेच.

त्यानंतर निविदा निघते. आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो. आयुक्तांच्या आर्थिक मर्यादेतील काम आयुक्त मंजूर करतात. त्यावरील रकमेच्या करारासाठी प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातो. नगरसचिव तो विषयपत्रिकेवर घेतात, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांनिशी ठराव होतो आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते. मग कार्यादेश निघतो, काम होते, मोजमाप पुस्तिकेत मापे लिहिली जातात आणि त्या मापांवरून बिल तयार होते.

म्हणजे "सभेत मंजूर झाले" हे वाक्य या साखळीतील जवळजवळ कोणत्याही टप्प्याला लावता येते. मागणीचा ठराव मंजूर झाला असेल, किंवा दर मंजूर झाला असेल. पहिल्याची किंमत कागदाएवढी आणि दुसऱ्यानंतर काही दिवसांत खोदाई सुरू होऊ शकते.

स्थायी समितीची सभा कधी होते?

नियमानुसार आठवड्यातून एकदा. महासभा महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते. तहकूब झालेल्या सभांची मोजणी वेगळी.

अर्थसंकल्प कोण तयार करते?

कलम ९५ नुसार पुढील वर्षाच्या उत्पन्नाचे आणि खर्चाचे अंदाज आयुक्त तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती ते तपासते, त्यात फेरफार करते आणि आपला अर्थसंकल्प म्हणून महासभेपुढे मांडते. कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात, कारण किती जमा होणार हे ठरल्याशिवाय किती खर्च करायचा हे ठरवणे म्हणजे सासरचे आमंत्रण येण्याआधीच आहेराची खरेदी करण्यासारखे आहे. आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, महासभेने अर्थसंकल्पाला अंतिम रूप द्यायचे असते.

या प्रवासात एक गोष्ट नियमाने घडते आणि तिच्याकडे नागरिकांनी लक्ष द्यावे. आयुक्तांनी मांडलेला आकडा स्थायीत वाढतो आणि महासभेत आणखी वाढतो. नगरसेवकांच्या सूचनांप्रमाणे रस्ते, गटारी, हॉल, उद्याने यांच्या तरतुदी वाढवल्या की तेवढीच जमा बाजूही वाढवून दाखवावी लागते. ती वाढ बहुधा घरफाळ्याची (मालमत्ता कराची) थकबाकी, नगररचनेचे विकास शुल्क किंवा पाणीपट्टी यांच्या वसुलीत दाखवली जाते. कागदावर दोन्ही बाजू जुळतात. वसुली मात्र ठरावाने वाढत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुधारित अंदाज तयार होताना जमेची बाजू खाली येते आणि तिच्याबरोबर शेवटी वाढवलेली कामे सर्वांत आधी गळतात.

अर्थसंकल्पाचे पुस्तक हातात आले तर काय पाहावे?

प्रत्येक पानावर एका लेखाशीर्षासमोर साधारणपणे चार रकाने असतात : मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. सर्वांचे डोळे चौथ्या रकान्यावर जातात, कारण मथळे त्याचेच होतात. खरे वाचायचे असतात ते पहिले तीन. एखाद्या शीर्षाखाली दरवर्षी मोठा अंदाज, लहान सुधारित अंदाज आणि त्याहून लहान प्रत्यक्ष खर्च असा उतार दिसत असेल, तर ते काम केवळ पुस्तकात जगते आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे महसुली, भांडवली, वित्त आयोग आणि विशेष प्रकल्प हे भाग एकमेकांत मिसळून वाचू नयेत. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला असतो. तो कोणा नगरसेवकाला चौक सुशोभीकरणासाठी वळवता येत नाही. शासनाच्या योजनेसाठी आलेले पैसे त्या योजनेचेच असतात. एकूण आकडा कितीही मोठा दिसला, तरी पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि कर्जफेड वजा केल्यावर महापालिकेला स्वतःच्या मर्जीने खर्च करता येणारी रक्कम आश्चर्य वाटावे इतकी लहान उरते. महिला व बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के निधी राखायचा असतो. तो राखला का, याबरोबरच तो खर्ची पडला का, हेही पाहावे.

महापालिकेचे उत्पन्न येते कुठून?

पूर्वी शहराच्या नाक्यांवर जकात घेतली जात असे आणि तिजोरीचा कणा तीच होती. पुढे जकातीची जागा स्थानिक संस्था कराने, म्हणजे एलबीटीने, घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेलाही गेला. त्याच्या बदल्यात राज्य शासन दरमहा भरपाईचे अनुदान देते. त्यामुळे आज कर्मचाऱ्यांचा पगार वेळेवर होणे हे शासनाचे अनुदान वेळेवर येण्यावर बरेच अवलंबून असते, आणि ज्या संस्थेचे उत्पन्न दुसऱ्याच्या धनादेशावर अवलंबून असते तिच्या समित्यांचा आवाजही आपोआप खाली येतो.

स्वतःच्या उत्पन्नात घरफाळा प्रमुख आहे. इतर शहरांत ज्याला मालमत्ता कर म्हणतात तोच हा; कोल्हापूरकरांनी मात्र जुना शब्द सोडलेला नाही. घरफाळ्याच्या बिलातील सगळी रक्कम महापालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर या रकमा महापालिका शासनाच्या वतीने गोळा करते आणि शासनाकडे भरते. याशिवाय पाणीपट्टी, बांधकाम परवानगीची शुल्के, दुकानगाळ्यांचे भाडे आणि परवाना फी आहे. महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटर क्षेत्रातच कर बसवायचा असल्याने हद्दवाढीचा विषय निघाला की प्रशासनाला उत्पन्न दिसते आणि लगतच्या गावांना घरफाळा दिसतो.

केएमटीचा हिशेब वेगळा का असतो?

केएमटी हा महापालिकेचा परिवहन उपक्रम आहे. त्याच्यासाठी कायद्याने परिवहन समिती आणि स्वतंत्र अर्थसंकल्प ठेवला आहे. स्थायी समितीचे सभापती या समितीचे पदसिद्ध सदस्य असतात, जेणेकरून बस चालवणारी समिती आणि पैसे देणारी समिती यांच्यात दुवा राहावा. तिकिटांच्या उत्पन्नातून डिझेल, सुटे भाग आणि पगार भागत नाहीत, तेव्हा तूट महापालिका भरते. केएमटीचा ताळेबंद वाचताना "महापालिकेकडून येणे" ही ओळ आधी शोधावी.

निविदा न काढता काम देता येते का?

अपवाद म्हणून, होय. कायद्याच्या नियमांनुसार कारणे लेखी नोंदवून निविदा प्रक्रिया वगळण्याची परवानगी स्थायी समिती देऊ शकते. याखेरीज कलम ६७ (३) (क) नुसार अचानक उद्भवलेल्या आपत्तीत आयुक्त तातडीचा खर्च करू शकतात आणि त्याची माहिती नंतर समितीला देतात.

पंचगंगेकाठच्या शहराला या कलमाची गरज समजावून सांगावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोहोचले की इशारा आणि ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याने ५५ फूट ओलांडले, तेव्हा बोटी, पंप, निवारा केंद्रांतले जेवण आणि पूर ओसरल्यावरचा गाळ उचलणारे डंपर यांच्यासाठी सात दिवसांची निविदा काढत बसणे शक्यच नव्हते. अडचण पुढे येते. दरवर्षी जूनमध्ये पाऊस पडतो हे माहीत असताना मे महिन्यातली नालेसफाई "अचानक उद्भवलेली" कशी ठरते, हा प्रश्न समितीच्या सदस्यांनी विचारायला हवा. असे प्रश्न न विचारले गेल्यामुळेच "ढपला", म्हणजे कामात मधल्यामध्ये खाल्लेला पैसा, हा शब्द कोल्हापूरच्या रोजच्या बोलण्यात इतका रुळला.

एका ठरावाचा शहरावर किती मोठा परिणाम होऊ शकतो?

रस्ते विकास प्रकल्प आणि टोल हे त्याचे कोल्हापूरकरांना पाठ असलेले उदाहरण आहे. सुमारे २२० कोटींचे शहरांतर्गत रस्ते "बांधा, वापरा, हस्तांतरित करा" या तत्त्वावर करण्याचा निर्णय झाला. महापालिकेला रोख रक्कम द्यायची नव्हती, म्हणून त्या वेळी तो सोयीचा वाटला. परतफेड मात्र टोलच्या रूपाने दीर्घकाळ वाहनधारकांकडून व्हायची होती. पुढे नाक्यांवर जे आंदोलन उभे राहिले ते राज्यभर गाजले आणि अखेर राज्य शासनाला टोल रद्द करावा लागला. अर्थसंकल्पात खर्चाची ओळ नाही म्हणजे खर्च नाही, असा समज समित्यांनी करून घेऊ नये, हे यातून दिसले. दीर्घ मुदतीचा करार विषयपत्रिकेवर एका ओळीत येतो. त्याच्या सोबतचा मसुदा शेकडो पानांचा असतो, आणि सभेपूर्वी तो किती सदस्यांनी उघडून पाहिला हे इतिवृत्तात लिहिण्याची पद्धत नाही.

सभेने केलेला ठराव शासन रद्द करू शकते का?

करू शकते. ठराव कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध असल्याचे वाटल्यास कलम ४५१ नुसार राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. महापालिकेला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते.

खर्च झाल्यावर तपासणी कोण करते?

महापालिकेचे स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक असतात आणि त्यांचा अहवाल स्थायी समितीकडे जातो. याशिवाय राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडून तपासणी होते. आक्षेपांची भाषा ठरलेली असते : मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही, अनामत वसूल केलेली नाही, मुदतवाढीस मंजुरी घेतलेली नाही. हे आक्षेप समितीपुढे येतात आणि "प्रशासनाने पूर्तता करावी" असा शेरा मारून दप्तरी दाखल होतात. निविदेच्या विषयाला जेवढा वेळ मिळतो त्याच्या निम्मा जरी या अहवालाला मिळाला तरी समिती खऱ्या अर्थाने अर्थसमिती होईल.

प्रशासकाच्या काळात समित्यांचे काय झाले?

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. महासभेचे, स्थायी समितीचे आणि इतर समित्यांचे अधिकार त्या काळात प्रशासकांकडे एकवटले होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवणारी आणि समिती म्हणून तो मंजूर करणारी व्यक्ती एकच होती. त्या काळात फायली लवकर हलल्या असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ते चुकीचे नाही. पण प्रश्न विचारणारे १६ जण खोलीत नव्हते, हेही तितकेच खरे. २० प्रभागांतील ८१ जागांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

प्रभाग समितीचा उपयोग काय?

तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, ही तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीने आली. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. त्या त्या भागातील नगरसेवक या समितीत असतात आणि स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींनाही स्थान देता येते. गटार, दिवे, कचरा यांसाठी हीच पहिली पायरी आहे.

सामान्य नागरिकाने माहिती कशी मागावी?

"आमच्या रस्त्याचे काय झाले?" असा अर्ज दिला तर "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर येते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बहुधा खरेही असते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक (तिकीट) लावून अर्ज करताना पाच गोष्टी नेमक्या मागाव्यात : ठरावाची तारीख व क्रमांक, तरतुदीचे लेखाशीर्ष व त्यातील शिल्लक, मंजूर दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी आहे, कार्यादेशाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. मोजमाप पुस्तिकेची पाने मिळाली की घरातली टेप घेऊन बोळात जावे आणि गटाराची लांबी स्वतः मोजावी.